नूरियाचं गलबत

तेतुआन,
९ फेब्रुवारी २००९

शामा, माझ्या शेजारच्या गच्चीवरच्या पोरी,

अल्लाचं नाव घेऊन लिहायला बसले आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. पीठ आहे, तेल आहे, पाऊसही झाला. तुझं तोंड तेवढं दिसत नाही, बाकी काही कमी नाही.

आता हे अक्षर कुणाचं ते ओळख बघू. नाही ओळखणार, कारण हे अक्षर जगात कुणीच पाहिलेलं नाही. माझं आहे! तामोचं! कचेरीत अंगठा उठवताना जिला कारकून म्हणायचा, "आजी, जरा नीट दाबा, पुसट येतोय," तीच ही. मधले डाग शाईचे नाहीत, चहाचे आहेत. पहिलं पत्र लिहायचं म्हणून मी एवढा चहा प्यायले की हात थरथरायला लागला.

झालं असं, की गेल्या वर्षीपासून मी मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जाते. दुपारी असतो. बावीस बायका आहोत आणि बावीस जणींचे मिळून चाळीसच गुडघे धड आहेत. शिकवणारी सिहामबाई माझ्या धाकटीच्या वयाची. "शाब्बास लल्ला तामो," म्हणते, बाईसाहेब म्हणावं तसं, आणि मी या वयात लाजते. माझ्या शेजारी बसते ती खदूज पाटी हाताने झाकून लिहिते, कुणी बघून उतरवेल म्हणून. तिचं बघून उतरवलं तर नापासच होऊ आम्ही. सून म्हणते, "आत्या, आता शिकून कुठे नोकरीला जाणार?" मी म्हटलं, "पोरी, मला एक पुस्तक वाचायचंय." ती म्हणाली, "कुठलं?" मी म्हटलं, "तुझं काम कर."

तुला ठाऊक आहे कुठलं ते.

शामा, आठवतं का गं? दुपारची कामं उरकली की बायका गच्चीवर. खाली पुरुषांची दुनिया, वर आपली. माझी आई गहू निवडायची, तुझी हनिया आत्या लोकर पिंजायची, आणि तू मधल्या कठड्यावर बसून ते पुस्तक उघडायचीस. सगळ्या आळीत तू एकटी शाळेत गेलेली. आधी हनिया आत्याने केवढा गोंधळ घातला होता! गोष्ट उजेडी सांगायची नाही, दिवसा गोष्ट सांगणारीची पोरं टकली निपजतात, हे आपल्याकडे तान्ह्या बाळालाही माहीत. पण मग तिनेच कौल दिला, "सांगणं वेगळं आणि वाचणं वेगळं. पोरगी तोंडचं काही सांगत नाही, छापलेलं आहे ते वाचते. वाच गं." त्या दिवसापासून आपण रोज गावाला जायला लागलो.

मी तेव्हा तेतुआनची वेससुद्धा ओलांडलेली नव्हती. आणि तुझ्या तोंडून मी कुठे कुठे गेले! रंगाऱ्याची मुलगी ती नूरिया, तिचा भाऊ हरवतो, ती गलबतात बसून त्याला शोधायला निघते. ते मिठाचं शहर, तिथे रडायला बंदी, कारण अश्रूंनी भिंती विरघळतात. ते काचेचं शहर, तिथे कुणालाच कुणापासून काही लपवता येत नाही, म्हणून सगळे डोळे मिटून चालतात. माझी आई गहू निवडायचं विसरायची आणि घरी आमच्या दाताखाली खडे यायचे. बाबा ओरडले की आई म्हणायची, "मी मिठाच्या शहरात होते." बाबांना वाटायचं बायकोला ताप आलाय.

आणि मग ते बंदर. नूरिया धक्क्यावर उभी. एकच गलबत. तांडेल विचारतो, "घरी की पुढे?" तिने पाऊल उचललं, आणि तू पुस्तक मिटलंस. म्हणालीस, उद्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी मागणी घालणारे आले, आणि महिन्याभरात तू बेल्जियमला गेलीस. जाताना पुस्तक माझ्या हातात दिलंस.

पंचेचाळीस वर्षं ते माझ्या पेटीत आहे. मुलांना हात लावू दिला नाही, नवरा असून मफद्दललाही नाही, अल्ला त्याला जन्नत देवो. मुली म्हणायच्या, "आई, आम्ही वाचून दाखवतो." मी म्हणायचे, नको. ते शामाच्या तोंडून ऐकीन नाहीतर माझ्या डोळ्यांनी वाचीन. तू एका उन्हाळ्यात माहेरी आलीस तेव्हा मी तुला विचारलंही होतं, नूरियाचं पुढे काय झालं? पाहुण्यांची गर्दी होती. तू हसून म्हणालीस, "पुस्तक तुझ्याकडेच आहे की. वाच!" ते माझ्या पोटात राहिलं बघ.

तर आता वाचते आहे. गेल्या आठवड्यात सुरू केलं. वरचा पुठ्ठा आणि पहिली पानं तर तेव्हापासूनच नव्हती. दिवसाला एक पान होतं. नूरिया अजून आलेली नाही, पण एक राणी आलीये. लेखक जरा लांबण लावणारा दिसतो.

शेवट कळवू नकोस हं! खबरदार!

तुझी तामो


लिएज,
३ मार्च २००९

तामो,

तुझं पत्र हातात धरून मी किती वेळ बसून राहिले. नजीब घाबरला, म्हणाला, "आई, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. कुणीतरी आलंय."

तुझं अक्षर सुंदर आहे. ओळी जरा डोंगर चढतात, पण तू स्वतःही कुठे कधी सरळ चाललीस?

माझे कान आता जवळजवळ गेलेच. यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा येत नाही. नवरा होता तोवर तो ओरडून बोलायचा. खाणीत काम केलेली माणसं ओरडूनच बोलतात. आता घरात सगळे माझ्याशी हाताने बोलतात. तुझं पत्र मात्र मला ऐकू आलं, अगदी खोकल्यासकट.

सोबत मुलांचा फोटो पाठवते. नजीब आणि रशीद. घाबरू नकोस, दोघांचंही डोकं तिशीतच साफ झालं.

त्या पुस्तकाबद्दल म्हणशील, तर तू ते अजून ठेवलं असशील असं मला वाटलं नव्हतं. मी तर म्हणेन आता राहू दे. छपाई बारीक आहे, डोळे खराब होतील. भाषाही जुनी, मोठ्या मोठ्या पंडितांना कळत नाही. शिवाय त्यात बरीच पानं इकडची तिकडे शिवलेली आहेत, मला चांगलं आठवतं. मी तुला इथून मोठ्या अक्षरांची छान छान पुस्तकं पाठवते. इथल्या मशिदीजवळ एक दुकान आहे. आधी ती वाच. नूरिया काही पळून जात नाही.

घरात सगळ्यांना सलाम. आपल्या गल्लीतल्या भट्टीवर अजून पाव भाजतात का? त्या वासासाठी मी आज काय देईन.

तुझी शामा


तेतुआन,
३० मार्च २००९

शामा,

भट्टी आहे. भट्टीवाला मात्र मेला, आता त्याचा जावई बसतो. परवा त्याने मी घरून भाजायला दिलेली पावांची परात खदूजच्या घरी पाठवली आणि तिची माझ्याकडे. तिचे पाव खाऊन मला कळलं की ती पाटी का झाकते. जिला मिठाचा अंदाज येत नाही, तिला अक्षरांचा काय येणार?

पोरांचा फोटो पाहिला. देखणे आहेत. केसांचं मनाला लावून घेऊ नकोस, तिकडचं पाणीच तसलं असणार. आमच्या गल्लीतला एक फ्रान्सला गेला होता, तोही तसाच परत आला.

तू पाठवलेली पुस्तकं पोचली. मोठ्या अक्षरांची, ससा आणि कासव. ती मी हिबाला दिली. नातीला दहावं लागलंय, तिलाही ती लहान वाटली.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस. सिहामबाईंना तर कळायलाच नको.

शामा, मला वाचता येत नाही.

येतंय असं मला वाटत होतं. वर्गात येतं. रस्त्यावर पाट्या वाचते, औषधाची बाटली वाचते. हिबाच्या आईचा मोबाईलसुद्धा चोरून वाचला एकदा, त्यात माझ्याबद्दलच होतं. पण आपलं पुस्तक उघडलं की अक्षरं भलतंच बोलतात. चाळीस पानं झाली. नूरिया नाही, समुद्र नाही, तांडेल नाही. पहिल्यांदा राणी आली तेव्हा मी खूश झाले. मग लिहिलं होतं, राणी घर सोडून जाते तेव्हा निम्मी प्रजा तिच्यामागे जाते. वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुढे तिला एका छोट्या पिंजऱ्यात कोंडून परक्या घरी नेतात, आणि तिथले लोक तिला आपली मानेपर्यंत पिंजरा उघडायचा नाही. मला वाटलं, ही नूरियाचीच आई असणार, नाहीतर तूच.

पण मग माश्या आल्या. मी म्हटलं, कुणीतरी जादू करून शहरातल्या लोकांच्या माश्या केल्या. होतं असं गोष्टीत. कुणीतरी येईल आणि पुन्हा माणसं करील. तामो थांबली. दहा पानं थांबली, वीस पानं थांबली. अगं, सगळे अजून माश्याच आहेत! मध्ये एक चित्र आहे, मजल्यावर मजले चढवलेला महाल, नुसत्या खिडक्या, दार एकच. त्याच्याखाली मी जे वाचते ते असं: धूर हळू द्यावा, नाहीतर चावतील.

महालाला कुणी धूर देतं का?

मी पान दिव्याजवळ नेलं, उन्हात नेलं, हिबाचा चष्मा लावून पाहिला. एकेक अक्षर बोट ठेवून लावलं. प्रत्येक वेळी माशी म्हणजे माशीच. तुझ्या तोंडून मी हे पुस्तक ऐकलंय, त्यात काय आहे ते मला पाठ आहे. मग चूक पुस्तकाची कशी असेल? माझीच. सिहामबाई "शाब्बास शाब्बास" म्हणते ते म्हाताऱ्या बायकांची समजूत घालायला. गाढवाला डोंगर चढवताना म्हणतात तसं.

दहा दिवस झाले, मी वर्गाला गेलेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. जूनमध्ये परीक्षा आहे, बाहेरच्या बाई येणार आहेत तपासायला. चारचौघींत हसं करून घेण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. अंगठा काही मेलेला नाही.

पुस्तक पुन्हा पेटीत ठेवलंय. सिहामबाईंना दाखवायचं म्हणजे "बाई, मला राजकन्येच्या जागी माशी दिसते," असं सांगायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं.

एवढं पत्र मला लिहिता आलं, आणि वाचता येत नाही, हे कसं ते मला विचारू नकोस. मलाही कळत नाही.

तामो


लिएज,
११ एप्रिल २००९

तामो,

तुझं पत्र आत्ता आलं. कोट अंगात आहे आणि लिहिते आहे. आधी महत्त्वाचं. तुला वाचता येतं. अक्षर न् अक्षर बरोबर वाचलंस तू. माशी म्हणजे माशीच. तो महाल नाही, मधमाश्यांची पेटी आहे. धूर हळूच द्यायचा असतो, माझे बाबा तसाच द्यायचे. ते पुस्तक मधमाश्या कशा पाळाव्या याचं आहे, तामो. बाबांनी टांजियरहून आणलं होतं. आमच्या घरात तेवढं एकच पुस्तक होतं.

त्यात नूरिया कधीच नव्हती.

झालं. लिहून टाकलं.

तुला आठवतं, मी शाळेत जाऊन आले की सगळ्या विचारायच्या, आज काय शिकलीस? मी सांगायचे, बेरजा, आणि सगळ्यांची तोंडं पडायची. त्यांना वाटायचं, पोरगी एवढी लांब जाते ती काहीतरी घेऊन येईल. आणि माझ्या डोक्यात तर गावंच्या गावं उभी होती. पण दुपारी गोष्ट सांगायची सोय नव्हती. रात्री सांगावी तर आपल्या दोन घरांमध्ये भिंत, आणि अंधारात मुलींनी गच्चीवर जायचं नाही. तुझी नि माझी भेट उजेडीच. मग एक दिवस मी बाबांचं पुस्तक उचललं, मांडीवर उघडलं आणि सांगायला सुरुवात केली. हनिया आत्याने कौल दिला, तेव्हा माझी छाती एवढी धडधडत होती की मला वाटलं पुस्तक हलताना दिसेल. पानही मी अंदाजाने उलटायचे. एकदा तुझ्या आईने विचारलं होतं, "अगं, तू आज एकच पान धरून बसलीस?" मी म्हटलं, "लल्ला, या पानावर शहर मोठं आहे."

तू समोर बसायचीस, दोन्ही हात गालांना लावून. मिठाच्या शहरात तू खरोखर रडू आवरलं होतंस. तुझं तोंड बघून मला पुढचं सुचायचं. तू घाबरलीस की मी वादळ आणायचे. तेव्हा कशी सांगणार होते की हे छापलेलं नाही? छापलेलं नाही म्हटलं की ती शहरं नाहीतच, असं तुला वाटलं असतं. आणि मग मी कोण राहिले असते? मध विकणाऱ्याची थापाडी पोरगी.

मग त्या उन्हाळ्यात "वाच" म्हणाले, ते आपलं सुटायला म्हणाले. तुला वाचता येत नाही हे ठाऊक होतं म्हणून म्हणाले, तामो. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही. आणि मागच्या पत्रात पानं इकडची तिकडे शिवलीत म्हटलं, तेही खोटंच. तू वर्ग सोडलास ते वाचून मला कळलं की माझी अब्रू राखता राखता मी तुझे डोळे काढून घ्यायला निघाले होते.

नूरियाचं पुढे काय झालं विचारशील, तर मला माहीत नाही. त्या दिवशी खरंच माहीत नव्हतं. उद्या सुचेल म्हणून पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी मागणी आली आणि बाबांनी होकार देऊन टाकला. इथे आल्यावर पुष्कळदा प्रयत्न केला. खिडकीशी बसून त्या गलबताला हाकारायचे. पण गलबत जिथे कुठे लागायचं तिथे कोळशाची राख, चौथा मजला आणि भाषा न कळणाऱ्या शेजारणी. असलं काय सांगायचं? ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसता बसता सगळंच विसरले.

पोरांच्या टकलांना इथल्या पाण्याचा काही दोष नाही. मी दहा वर्षं त्यांची डोकी बघते आणि हनिया आत्याची आठवण येते.

उद्याच वर्गाला जा. माझ्यावर राग धर, पण जा.

शामा


लिएज,
२० मे २००९

तामो,

सहा आठवडे झाले. टपालवाल्याला मी आता लांबूनच ओळखते, आणि तो मला बघून मान हलवतो.

नजीबने तुझ्या घरी फोन केला होता. तुझी सून म्हणाली, आत्या बऱ्या आहेत, कामात आहेत. कसल्या कामात ते ती सांगेना.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण लिहून दे.

शामा


तेतुआन,
१९ जून २००९

शामे, थापाडे, मधवाल्याच्या पोरी,

शिव्या या तीन झाल्या. बाकीच्या तू माहेरी येशील तेव्हा देईन, त्या कागदावर बऱ्या दिसत नाहीत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाटाणे सोलत होते. वाचलं. मग सगळे वाटाणे टरफलांच्या टोपलीत टाकले आणि टरफलं भांड्यात. सून म्हणाली, "आत्या, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, एक शहर पडलं." नऊ दिवस मी कुणाशी बोलले नाही. हमामातसुद्धा गप्प होते, तिथे बायकांनी माझ्यासाठी दुवा मागितली.

राग कशाचा आला ते सांगते. नूरिया नव्हती याचा नाही. शामा, मी माझ्या पोरी त्या पुस्तकाच्या भरवशावर शाळेत घातल्या गं! मफद्दल म्हणत होता, नवालला घरी ठेव, विणकाम शिकव. मी त्याच्यासमोर पेटी उघडली, ते पुस्तक काढलं आणि म्हटलं, "यात काचेचं शहर आहे. तुझ्या पोरीला ते दिसणार नाही असं तू करशील, तर उद्यापासून तुझा चहा तूच कर." बिचारा! त्यालाही कुठे वाचता येत होतं? तो घाबरून पुस्तकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, जाऊ दे तिला." नवाल आज फास शहरात मुलींना विज्ञान शिकवते. इहसान दवाखान्यात आहे. आणि हे सगळं मी मधमाश्यांची शपथ घालून केलं! नऊ दिवस मला वाटत होतं, मी नवऱ्याला फसवलं.

दहाव्या दिवशी नवाल आली. तिला सगळं सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "आई, मी शाळेत पहिलीच्या पुस्तकात काचेचं शहर शोधत होते. दुसरीत शोधलं, तिसरीत शोधलं. ते सापडत नाही म्हणून तर मी पुढे पुढे शिकत गेले." मग मलाही हसू आलं. मग दोघी रडलो, पण ते कांदा चिरतानाचं असेल.

ती गेल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. ते आख्खं पत्र मी एकटीने वाचलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. अडखळलेसुद्धा नव्हते. मला जे कळायला नको होतं, ज्याचा मला अंदाजही नव्हता, तेच त्यात लिहिलेलं होतं, आणि तेच मला कळलं. मनातलं वाचणं सोपं असतं, ते तू गच्चीवर करतच होतीस. दुसऱ्याने लिहिलेलं, आपल्याला न आवडणारं, तेही जशास तसं वाचता आलं तर ते खरं वाचणं. शामा, मला वाचता येतं! मी तशीच चपला घालून वर्गाला गेले. एक चप्पल माझी होती, एक सुनेची.

सिहामबाईंनी काही विचारलं नाही. "गुडघा कसा आहे?" एवढंच. मी म्हटलं, "गुडघ्याला वाचता येत नव्हतं, आता येतं."

त्यानंतर वेळ कुठला! सहा आठवडे परीक्षेचा अभ्यास. आणि मधमाश्यांचं पुस्तक पुरं वाचून काढलं, सगळं, शेवटच्या पानापर्यंत. वाईट नाही. पावसाळी दिवशी पेटी उघडू नये, माश्या चिडतात. हे तुझ्या आत्याबद्दलही खरं होतं. तुला लिहिलं नाही, कारण मला आधी पास व्हायचं होतं आणि मग भांडायचं होतं.

काल परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या बाई कडक दिसत होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आधी वाचायला दिलं, वाचलं. मग फळ्यावर लिहिलं: तुम्ही केलेला एक प्रवास, बारा ओळी. झालं, सगळ्या खुसखुसायला लागल्या. कुणी टांजियरला गेलेली, कुणी डोंगरावरच्या दर्ग्याला. खदूज हजला जाऊन आलीये, ती तर कोपर वर करून विमानाच्या वेगाने लिहीत सुटली. मी काय लिहू? मी सगळ्यांत लांब गेले ती लेकीकडे, फासला, आणि त्या प्रवासात मला फक्त उलट्या झाल्या.

म्हणून मी खरं ते लिहिलं. मी लिहिलं, मी लहान असताना एका बंदरावर गेले होते. तिथे नूरिया नावाची मुलगी होती. गलबत एकच होतं. तांडेलाने विचारलं, "घरी की पुढे?"

आणि अडले. पाच ओळी झाल्या होत्या, सात उरल्या. पंचेचाळीस वर्षं तू थांबवून ठेवलेली ती पोरगी, एक पाय हवेत, आणि बाई म्हणतायत, "दहा मिनिटं राहिली." मी मनात म्हटलं, शामाला ठाऊक नाही, पुस्तकात नाही, मग आता कुणाला विचारू? मी नूरियाकडेच बघितलं. तर तिचं लक्ष तांडेलाच्या तोंडाकडे. मग मी लिहिलं:

"नूरिया म्हणाली, काका, तुम्ही जेवलात का? तांडेल म्हणाला, नाही बाळ, सकाळपासून हेच विचारतोय सगळ्यांना. तिने पाव काढला, ऑलिव्ह काढले. दोघं दोरखंडावर बसून जेवले. जेवेपर्यंत वारा पडला. गलबत घरीही जाईना, पुढेही जाईना. तांडेल म्हणाला, आता काय करायचं? नूरिया म्हणाली, वारा येईपर्यंत तुम्हाला एक गच्ची दाखवते, चला."

बारा ओळी भरल्या. पेन्सिल ठेवली.

बाईंनी कागद घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला. मग चष्मा काढला. सिहामबाईंचा जीव वरखाली. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लल्ला तामो, तुम्ही पास आहात. पण वारा आला का मग? भाऊ सापडला का तिला?"

मला म्हणता आलं असतं की एवढंच आहे. पण मला तुझा तो चौथा मजला दिसला, ती खिडकी, ती राख. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "बाई, ही गोष्ट माझी नाही, बेल्जियममध्ये माझी मैत्रीण आहे शामा, तिची आहे. पुढचं सगळं तिला माहीत आहे. ती लिहून कळवणार आहे."

बाई सप्टेंबरमध्ये निकालपत्रं वाटायला परत यायच्यात, आणि सगळा वर्ग कान टवकारून ऐकत होता. खोटं पाडू नकोस मला.

तामो